बर्फावरची फुगडी

बर्फाशी माझी ओळख जुनी असली, तरी ती सलगीची कधीच नव्हती. रत्नागिरीसारख्या गावात बर्फ पाहायचा तो दोनच ठिकाणी. एक मिरकरवाड्याच्या बंदरावर, जिथे त्याच्या लाद्या फोडून मासळीवर पसरतात. आणि दुसरे गोळेवाल्याच्या गाडीवर, जिथे त्याचाच कीस लालहिरव्या पाकात बुडवून पोरांच्या हाती देतात. पहिला बर्फ मेलेल्यांसाठी आणि दुसरा जिवंतांसाठी, एवढाच काय तो मला त्यांतला भेद ठाऊक होता. त्यामुळे बर्फावर माणसे नाचतात, आणि त्या माणसांत माझ्या सख्ख्या लेकीची लेक आहे, हे वर्तमान प्रथम भाट्यात येऊन थडकले, तेव्हा मी सौभाग्यवतीला एवढेच विचारले, “पण तिचे पाय गारठत नाहीत का?”

माझी ही नात अमेरिकेत, मिशिगन प्रांतात, डेट्रॉइट शहराच्या आसपास वाढली. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात, आणि आपल्याकडची पोरे जितक्या सहजपणे पुळणीवर धावतात तितक्याच सहजपणे तिकडची पोरे बर्फावर घसरतात. २०१० च्या फेब्रुवारीत कॅनडातील व्हँकूव्हर येथे हिवाळी ऑलिंपिक सामने झाले, त्या वेळी ती सहा वर्षांचीही झाली नव्हती. त्याच मिशिगनात तयार झालेली मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही जोडी त्या सामन्यांत चक्क एक भारतीय नाच नाचली. त्या मोसमात स्पर्धेतल्या एका नाचासाठी लोकनृत्य हा विषय नेमलेला होता. या दोघांनी हिंदी चित्रपटांतले संगीत निवडले, आणि २००२ सालच्या ‘देवदास’मधल्या चाली त्यात होत्या. ज्या चित्रपटात माधुरी दीक्षित नाचली, त्यातला ठेका दोन अमेरिकन मुलांच्या पायांखालून बर्फावर उमटताना पाहून माझी लेक हरखली. आणि नात मोज्यांनिशीच घरच्या गुळगुळीत फरशीवर घसरू लागली. तिच्या कारकिर्दीचा आरंभ हा असा झाला.

‘कारकीर्द’ हा शब्द माझा नव्हे. तो माझ्या लेकीचा. नात तेरा वर्षांची असताना लेकीने दूरध्वनीवरून मला गंभीरपणे सांगितले, “बाबा, तिच्या कारकिर्दीतलं हे फार महत्त्वाचं वर्ष आहे.” मला हसू आवरेना. उभा जन्म मी शाळेत इतिहास शिकवला. कारकीर्द म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे पेशवे उभे राहतात. तेरा वर्षांच्या परकऱ्या पोरीची कसली आली आहे कारकीर्द! पण हसून झाल्यावर माझे मलाच आठवले, की थोरल्या माधवरावांना १७६१ साली पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, आणि १७७२ साली थेऊरला त्यांनी देह ठेवला तेव्हा सत्तावीस. म्हणजे कारकीर्द ही वयावर मोजायची वस्तू नव्हे, हे मी इतकी वर्षे मुलांना शिकवीत होतो, आणि स्वतः मात्र विसरलो होतो.

मग मी या विद्येचा थोडासा अभ्यास केला. बर्फावर जोडीने करायचे खेळ दोन प्रकारचे आहेत. एकात पुरुष आपल्या सहचरीला डोक्यावर उचलतो, फेकतो, दोघेही हवेत गिरक्या घेतात. त्यात कसरत अधिक. दुसरा प्रकार म्हणजे बर्फावरचे नृत्य. यात सहचरीला डोक्यावर उचलण्याची मनाई, फेकण्याची मनाई, मोठमोठ्या उड्यांची मनाई. दोघांनी एकमेकांपासून फार दूर जाण्याचीही मनाई! सगळी करामत करायची ती पावलांनी आणि एकमेकांच्या निकट राहून. म्हणूनच यांच्या बुटांखालचे पाते टाचेकडे इतरांच्यापेक्षा आखूड असते. नाही तर एकाचे पाते दुसऱ्याच्या पात्यात अडकायचे. स्पर्धेत दोन नाच करावे लागतात. पहिला नेमून दिलेल्या तालाचा आणि दुसरा आपल्या मनाचा. ज्युनियरांचा हा दुसरा नाच साडेतीन मिनिटांचा असतो. साडेतीन मिनिटे! आमच्या पुलावरून मोटारीला भाट्याची खाडी ओलांडायला लागतो, त्याहून हा वेळ फारसा अधिक नसेल. तेवढ्यासाठी या पोरी पहाटे साडेचारला उठतात, आणि त्यांचे आईबाप त्यांच्याही आधी.

२०१४ साली डेव्हिस आणि व्हाइट यांनी रशियात सोची येथे सुवर्णपदक जिंकले, त्याच वर्षी माझ्या नातीला जोडीदार मिळाला. ती दहा वर्षांची, तो बारा वर्षांचा. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांकडे बघायलाही तयार नव्हती. यात नवल काहीच नाही. खुद्द डेव्हिस आणि व्हाइट १९९७ साली एकत्र आली, तेव्हा मेरिल इतकी लाजाळू होती, की तिला समोर पाहायला लावण्यासाठी त्यांच्या शिक्षकाने कपाळावर चित्राची टिकली चिकटवण्याची युक्ती केली, असे सांगतात. डोळ्यांत बघवत नसेल तर निदान कपाळावरच्या टिकलीकडे बघ! आमच्याकडे अंतरपाट दूर होण्यापूर्वीची वधू देखील इतकी अवघडत नसेल. पण या लाजाळू पोरीनेच पुढे सतरा वर्षे त्याच एका मुलाचा हात धरून जग जिंकले.

योगायोग पाहा. त्याच १९९७ साली कॅनडात टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर या सात आणि नऊ वर्षांच्या मुलांची जोडी मुलाच्या नात्यातल्याच एका बाईने जमवून दिली. २००६ साली स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे ज्युनियरांची जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात हे दोघे पहिले आले आणि डेव्हिस-व्हाइट तिसरे. पुढे दोन्ही जोड्या मिशिगनातल्या कँटन या एकाच गावी, एकाच बर्फावर, एकाच गुरूंच्या हाताखाली शिकल्या. व्हँकूव्हरला कॅनडाच्या जोडीला सुवर्ण आणि अमेरिकेच्या जोडीला रौप्य. सोचीला नेमके उलट. ही हकीकत माझी नात लहानपणी मला रामायणासारखी सांगत असे. आणि मीही ती रत्नागिरीच्या बाजारात भेटेल त्याला सांगून, शेवटी “आमचीही त्याच वाटेवर आहे हो,” अशी पुस्ती जोडत असे.

तिच्या वाढदिवसाच्या प्रत्येक पत्रात शेवटची ओळ मी न चुकता लिहीत असे, “पदक केव्हा दाखवतेस?” मला तो आशीर्वाद वाटे. तो तगादा होता, हे कळायला मला फार उशीर लागला.

पदकाची वाट तशी सरळ नव्हतीच. या खेळातले वर्ष १ जुलैला सुरू होते. त्या दिवसापूर्वी वयाची तेरा वर्षे पूर्ण झाली असतील, तरच ज्युनियर म्हणून जागतिक स्पर्धांत उतरता येते. नात या गटात शिरली त्या वर्षी वरची मर्यादा मुलीला एकोणीस वर्षांची आणि नाचातल्या मुलाला एकवीस वर्षांची होती. म्हणजे सगळा हिशेब पाच-सहा हिवाळ्यांचा. जुन्या नाटकमंडळ्यांत पोरवयात स्त्रीपार्ट करणाऱ्या मुलांचे असेच असे. आवाज फुटला की नायिकेचा शालू उतरायचा. केशवराव भोसल्यांसारखा एखादा लहानपणी ‘शारदा’ गाजवून पुढे १९०८ साली स्वतःची ‘ललितकलादर्श’ काढी. पण ज्यांचा आवाज फुटला आणि पुन्हा जमला नाही, त्या पोरांचे पुढे काय झाले, हे कोणत्या बखरीत लिहिले आहे?

या पाच-सहा हिवाळ्यांतला एक २०२० च्या साथीने गिळला. त्या मोसमातली ज्युनियरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका सबंध रद्द झाली. २०२१ ची ज्युनियरांची जागतिक स्पर्धाही झाली नाही. आमची जोडी तोवर आपल्या देशातल्या ज्युनियरांत बऱ्यापैकी वर सरकली होती, आणि त्या शरदात आपल्याला परदेशी पाठवतील अशी तिला आशा होती. बर्फाची घरे बंद झाली. सोळा वर्षांची ती पोर घराच्या तळघरात गालिच्यावर अनवाणी पावले टाकीत राहिली. त्या वर्षात ती दोन बोटे उंच झाली. तो झाला नाही.

२०२२ च्या वसंतात एका सकाळी सराव संपल्यावर त्याने तिला सांगितले, की आपण दुसऱ्या मुलीबरोबर नाचणार आहोत. ती मुलगी ठेंगणी होती. आठ वर्षांचा हात पाच मिनिटांत सुटला. तो मुलगा वाईट नव्हता, असे माझी नात आजही सांगते. त्याच्याही पुढे त्याचा हिशेब होताच. एकवीस वर्षांची वेस त्यालाही दिसत होती.

मग सुरू झाला जोडीदाराचा शोध. आणि तो शोध पाहून मला पहिल्यांदा हा खेळ खऱ्या अर्थाने समजला. या नाचात मुली उदंड आणि मुलगे मोजके. म्हणून मुलगी गावोगाव जायची. मुलाच्या सोयीच्या दिवशी, मुलाच्या सोयीच्या बर्फावर, त्याच्याबरोबर तासभर नाचून दाखवायचे. उंची विचारायची, वय विचारायचे, आमच्या गावी राहायला याल का, हे विचारायचे. पसंती पडलीच तर मुलाच्या शिकवणीचा खर्चही कित्येकदा मुलीच्या बापाने उचलायचा. “नंतर कळवतो,” असे म्हणून मुलाकडचे जे जातात ते कळवीतच नाहीत. हे सगळे मी घरात वाचून दाखवले, तेव्हा सौभाग्यवती हातातले निवडणे थांबवून म्हणाली, “म्हणजे तिकडेसुद्धा मुलाकडचेच जोरात म्हणायचे!”

वर्षभरात तिने अशा पाच जणांना आपला नाच दाखवला. पाचही ठिकाणांहून नकार आला. २०२३ च्या १ जुलैला तिची ज्युनियर गटातली मुदत संपली. मोठ्यांच्या गटाचे दार उघडे होते. पण त्या दारातून दोघांनीच आत जायचे असते.

त्याच वर्षी भाद्रपदात, कॉलेज वर्षभर पुढे ढकलून, ती एकटीच भाट्याला आली.

आल्यापासून ती बोलेना. सकाळी उठून पुळणीवर जाई ती उन्हे चढल्यावर परते. चौथ्या दिवशी मी तिच्याबरोबर निघालो. पाऊस उघडला होता. ओहोटी लागली होती. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी मागे सरले, की ओली वाळू कशी घट्ट आणि चकचकीत होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे सांगायला नको. एका बाजूला सुरूचे बन, समोर खाडीच्या मुखापलीकडे रत्नदुर्गाचा डोंगर, आणि मधे ही आरशासारखी भुई. झरी विनायकाच्या दिशेने आम्ही चालत होतो. नात एकाएकी थांबली. तिने चपला काढल्या, आणि उजव्या पायाच्या बोटाने वाळूत एक लांब वळणदार रेघ ओढली.

“आजोबा, आमच्या पात्याला मध्ये पन्हळ असते,” ती म्हणाली, “म्हणून त्याला दोन धारा. एक आतली, एक बाहेरची. सरळ उभं राहिलं तर दोन्ही टेकतात. पण तसं नाचता येत नाही. एका धारेवर कललं तरच वळण येतं. जितकं जास्त कलाल तितकं वळण सुंदर.”

“आणि पडत नाही?”

“वेग असेल तर नाही. थांबून कललं की पडतो.”

असे म्हणून तिने वाळूत आपला सबंध नाच आखायला घेतला. इथे दोघांनी एकदम गिरकी घ्यायची, इथे त्याने उचलायचे, इथे पाठीला पाठ. तिची एकटीची पावले वाळूत उमटत होती, आणि प्रत्येक पावलाच्या शेजारी हातभर जागा ती न चुकता मोकळी सोडत होती. मी पाहतच राहिलो. तेवढ्यात एक लाट नेहमीपेक्षा पुढे आली आणि अर्धा नाच पुसून गेली.

“तिकडेही असंच,” ती हसून म्हणाली. “तास-दोन तासांनी गाडी फिरते, ऊन पाण्याचा हात देते, की सगळ्या रेघा गेल्या.”

लेखकाला असला प्रसंग म्हणजे पर्वणी. लाट, वाळू, पुसलेल्या रेघा! मी घसा खाकरून म्हणालो, “यावरून मला एक उपमा सुचली आहे.”

“मला पोहे चालतील,” ती म्हणाली.

परदेशात वाढलेल्या माझ्या नातीला उपमा ताटलीतलाच ठाऊक होता. मी पोटभर हसलो, आणि मला वाटते, त्या हसण्यानेच तिचे तोंड मोकळे झाले. सुरूच्या सावलीत आम्ही टेकलो. मी कधी नव्हे ते धीर करून विचारले, “फार वाईट वाटते का गं, पदक राहिले याचे?”

ती बराच वेळ वाळू मुठीत घेऊन सोडत होती. मग म्हणाली, “पदकाचं नाही, आजोबा. पदकाचं तुम्हालाच जास्त वाटतं.” हे ती रागाने म्हणाली नाही, म्हणून ते अधिक लागले. “मी अजून रोज रिंकवर जाते. सगळं येतं मला. पण नाच दोघांचा आहे ना. एकटी नाचायला लागले की हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.”

मी इतिहासाचा मास्तर. सांत्वनाला मजजवळ दाखले पुष्कळ होते. माधवराव होते, केशवराव होते. त्यांतला एकही ओठांवर आला नाही. हात कुठे ठेवायचे, या प्रश्नाला इतिहासात उत्तर नाही. इतकी वर्षे मी तिच्या गळ्यात काय पडते याची वाट पाहत होतो. तिच्या हातात काय आहे हे मी एकदाही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गौरीपूजन होते. रात्री शेजारच्या घरी जागरण. घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला, अंगणात चटया बाजूला सारल्या गेल्या, आणि बायका-पोरी झिम्मा-फुगडीला उभ्या राहिल्या. आम्ही पुरुष मंडळी ओटीवर सुपारी कातरीत बसलो होतो. लांबून कुठून तरी जाखडीच्या ढोलकीचा आवाज येत होता. शेजारच्या मुलीने नातीचा हात धरून तिला ओढले. ती “मला येत नाही, येत नाही,” म्हणत होती.

फुगडीत शिकवायचे ते काय? पाय जुळवायचे, हातांची कैची करायची, आणि मागे कलायचे. पहिल्या फेऱ्यात नात अडखळली. दुसऱ्या फेऱ्यात तिची पाठ सरळ झाली. तिसऱ्या फेऱ्यापासून मी सुपारी कातरायचा थांबलो. ती इतकी मागे कलली की तिची वेणी जमिनीवरून फिरू लागली. समोरची पोर घाबरून ओरडली, “अगं, पडू आपण!”

“नाही पडणार. मी धरलंय. तू पण कल,” नात म्हणाली, “अर्धं वजन मला दे.”

आणि त्या पोरीने ते दिले! भोवतालच्या बायकांचे गाणे थांबले आणि पुन्हा दुप्पट जोराने सुरू झाले. मी आजवर शेकडो फुगड्या पाहिल्या होत्या. फुगडी हा फिरण्याचा खेळ आहे, अशीच माझी समजूत होती. ती भार देण्याची आणि घेण्याची विद्या आहे, एकाने राखून ठेवले की दोघेही अडखळतात, हे मला त्या रात्री, बर्फावर तेरा हिवाळे काढून आलेल्या पोरीने दाखवले. ही विद्या कोणत्या १ जुलैला संपते?

शेवटी ज्याची मला धास्ती होती तेच झाले. सौभाग्यवतीने पदर खोचला. वय वर्षे एकाहत्तर. दोन्ही गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय जिना चढवत नाही. मी ओटीवरून “अहो, जपून!” असे ओरडलो, ते कुणीच ऐकले नाही. नातीने आजीचे दोन्ही हात धरले, पाय जुळवले, आणि इतक्या हलक्या हाताने फेर धरला, की जणू तिच्या हातांत पाण्याने भरलेली घागर होती.

“किती गं कलतेस!” आजी दम लागून म्हणाली.

“तू सोडणार नाहीस ना, आजी? मग कलायला हरकत नाही.”

“मी कशाला सोडते?” आजी म्हणाली, आणि तिनेही गुडघे विसरून पाठ मागे टाकली.

पुढच्या वैशाखात नातीचा वाढदिवस आला. नेहमीप्रमाणे मी पत्र लिहिले. शेवटच्या ओळीपाशी लेखणी सवयीने थांबली. बराच विचार करून मी तिथे एवढेच लिहिले, “आजीचे गुडघे बरे आहेत. ती विचारते, पुन्हा केव्हा येतेस?”